एकच शब्द, दोन वाटांनी आलेला

नमस्कार श्रोतेहो. आज एका इवल्याशा शब्दाची गोष्ट ऐकू या.

स्टॉकहोमच्या जुन्या वस्तीत एक चौक आहे. त्याचं नाव ‘स्तूरतोर्येत’, म्हणजे मोठा चौक. यातला मूळ शब्द लिहितात ‘तोर्ग’ आणि बोलतात ‘तोर्य’. डेन्मार्कमध्ये त्याचाच ‘तोर्व’ झाला. ऐकायला अस्सल उत्तरेकडचा वाटतो, पण तो आहे स्लाव्ह लोकांचा, म्हणजे रशियन, पोलिश, क्रोएशियन अशा भाषा बोलणाऱ्यांचा. त्यांच्या जुन्या भाषेत ‘तुर्गु’ म्हणजे बाजार.

नवव्या-दहाव्या शतकात स्वीडनचे व्यापारी होड्या घेऊन रशियातल्या नद्यांवरून जात. फर, मेण, गुलाम यांचे सौदे होत आणि अरबी चांदीची नाणी उत्तरेत येत. वोल्खोव नदीवरच्या नोवगोरोद शहराच्या एका काठाला आजही ‘व्यापाराची बाजू’ असंच नाव आहे, आणि त्या नावातही हाच शब्द आहे. परक्या मुलखात रोज ज्या शब्दावाचून अडतं तो शब्द माणूस आधी शिकतो, आणि व्यापाऱ्याचं अडतं बाजारावाचून.

पोलिश ‘तार्ग’ अजून बाजारच आहे. रशियन ‘तोर्ग’ म्हणजे घासाघीस, तर बल्गेरियात त्याचा अर्थ लिलाव. क्रोएशियात मात्र त्याचा स्वीडनसारखाच चौक झाला, आणि लिहितात तीनच व्यंजनं: त, र, ग. मधला र स्वराचं काम करतो. संस्कृतातला ऋ असाच होता. आपण आता त्याला ‘रु’ म्हणतो, पण क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये तसा र रोज कानावर पडतो.

मला सगळ्यांत आवडते ती फिनलंडची हकिकत. तिथल्या तुर्कू या जुन्या शहराचं नाव म्हणजे हाच ‘तुर्गु’, पूर्वेकडून आलेला. पुढे स्वीडिश ‘तोर्ग’ पश्चिमेकडून आला, त्याचा फिनिशमध्ये ‘तोरी’ झाला. म्हणजे तुर्कूच्या तोरीवर भाजी घेणारी बाई एकाच शब्दाच्या दोन रूपांत उभी असते. फिनिश माणूस ‘तुरुइल्ला या तोरेइल्ला’ असा जोडशब्दही वापरतो, जिथे तिथे, चारचौघांत, या अर्थानं. आपल्या ‘बाजारहाट’मध्येही एक शब्द फारसीतून आलेला, दुसरा इथलाच. त्यांच्या जोडीतले दोन्ही मात्र सख्खे भाऊ आहेत, वेगवेगळ्या वाटांनी एकाच घरी पोचलेले.