पिशवी शिवायची ती धुण्यासाठी

नमस्कार मंडळी, मागे आवाज येतोय ना? बरं. आत्ताच एका ताईंनी विचारलं की भाजीच्या, धान्याच्या पिशव्या घरी शिवायच्यात तर कापड कुठलं विकत आणू. माझं म्हणणं, आणूच नका! डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा एक अहवाल आहे, त्यात हिशोब मांडलाय की नव्या कॉटनची पिशवी तिकडच्या दुकानातल्या प्लॅस्टिक पिशवीपेक्षा सगळ्या बाजूंनी बरी ठरायची तर ७,१०० वेळा वापरायला हवी, नुसता हवामान बदलावरचा परिणाम धरला तर ५२ वेळा. ५२ वेळा आपण सहज वापरू, पण ७,१०० म्हणजे नातवंडांनाच द्यावी लागेल. घरात जुनं धोतर असतं, मऊ पडलेली कॉटनची साडी असते, आणि ते कापड इतक्यांदा धुतलेलं असतं की आता आटायचं काही शिल्लक नाही. नवं मांजरपाट घेतलंच तर त्यात खळ असते, आधी गरम पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कात्री लावा, नाहीतर पहिल्याच धुण्यात पिशवी आखडते.

आणि ती कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी, प्लॅस्टिकबंदीनंतर दुकानादुकानात आली ती, तिला कापड समजू नका हां. ते नॉन-वोव्हन म्हणतात ते पॉलीप्रॉपिलीन आहे, प्लॅस्टिकच.

आता शिवण. बघा, खाण्याच्या वस्तूंची पिशवी सारखी धुवावी लागते आणि धुतल्यावर खराब होते ती आतून. बाहेरून छान लेस लावलेली असते आणि आत कच्च्या कडा तशाच, त्यांचे धागे सुटून डाळीत येतात, रवा त्या कडेत अडकून बसतो, ओला झाला की वास. म्हणून मी फ्रेंच सीमच सांगते, म्हणजे कच्ची कड आत बंद करणारी दुहेरी शिलाई, कडा गुंफणारं ओव्हरलॉकचं मशीन नसलं तरी काही अडत नाही. कापड ३० बाय ८० सेंटीमीटर घ्या आणि मधोमध दुमडा म्हणजे तळाला शिलाईच येत नाही. दुमडताना सुलट बाजू बाहेर ठेवा, हो, सुलट बाहेर, इथेच सगळ्या गोंधळतात! दोन्ही बाजूंना अर्ध्या सेंटीमीटरवर टीप मारा, उरलेली कड थोडी छाटा, पिशवी उलटी करा आणि आता पाऊण सेंटीमीटरवर दुसरी टीप, कच्ची कड आत बंद झाली. मलमल असेल तर ११ नंबरची सुई, मांजरपाटाला १४. आणि या दोन्ही टिपा मारताना वरची आठेक सेंटीमीटर बाजू न शिवता सोडायची हां, त्या मोकळ्या कडा आत मुडपून शिवा, मग वरून नेफा घाला. परकराची सुती नाडी सेफ्टी पिनेने ओवली की झालं. वेलक्रो नको, त्यात चुरा अडकतो आणि धुताना तो बाकीचे कपडे ओरबाडतो.

वापराचं पटकन सांगते. मेथी-कोथिंबीर फ्रिजमध्ये ठेवायची तर पिशवी ओली करून घट्ट पिळून मग भाजी भरा, कोरड्या पिशवीत फ्रिजची हवा पाला सुकवून टाकते. प्लॅस्टिकमध्ये उलट पाणी सुटून कुजते. रवा, पीठ दुकानातून आणायला कापड चालेल, साठवायला नाही, किडे आरपार जातात, घरी आलं की डब्यात ओता. मासे-चिकनला मात्र डबाच न्या बाई, पिशवीचा हट्ट नको.

आणि दुकानदार वजनावरून कुरकुर करतो म्हणालात ना, तर रिकामी पिशवी आधी काट्यावर ठेवून काटा शून्य करायला सांगा, इलेक्ट्रॉनिक काट्याला टेअरचं बटण असतं. गर्दीत तो ऐकत नसेल तर पिशवीचं वजन घरीच करून आकडा नेफ्यापाशी दोऱ्याने भरून ठेवा, तेवढे ग्रॅम वजा कर म्हणायचं.