दोन तासांनंतरचा आकडा

[दृश्य : वजनकाट्यावर वाटी, वाटीत ज्वारीचं पीठ. काटा 70 ग्रॅमवर थांबतो. मागे भाकरी थापल्याचा आवाज.]

70 ग्रॅम पीठ. एवढ्यात एक चांगली मोठी भाकरी होते. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 68 ग्रॅम कर्बोदकं (पचून साखर होणारा भाग) असतात, म्हणजे या एका भाकरीत 47-48 ग्रॅम. ताटात दोन आल्या की 95. फुलका 25 ग्रॅम कणकेचा धरला, तर तेवढीच कर्बोदकं सहा फुलक्यांत भरतात.

आता मधुमेहाच्या दवाखान्यात रोज होणारं बोलणं ऐका.

"काका, भात बंद करा. भाकरी खा."

"भाकरीच खातो, डॉक्टर. तरी जेवल्यावर घरच्या मशीनवर साखर 240 दिसते."

"घरच्या मशीनच्या नादी लागू नका."

इथे वाद अडतो. भाकरी किती, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. मशीन कशी वापरता, हे काकांना कोणी विचारलं नाही. आधी मशीनचं बघू, कारण बहुतेक वाद पेशंट तिथेच हरतो.

[दृश्य : नळाखाली हात. मग बोट अगदी जवळून.]

हात साबणानं धुवायचे आणि कोरडे करायचे. आंबा कापलेल्या किंवा मोसंबी सोललेल्या बोटाला लागलेला रस मशीन रक्तातली साखर म्हणून मोजते. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून तो पूर्ण निघत नाही, त्याला पाणीच लागतं. बोट ओलं राहिलं तर थेंब पातळ होऊन आकडा कमी येतो. टोचायचं बोटाच्या कडेला. टोकाला टोचलं तर दुखतंही जास्त. थेंब आला नाही म्हणून बोट पिळत बसलं, तर रक्ताबरोबर पेशींभोवतीचं पाणी उतरतं आणि आकडा चुकतो. हात खाली सोडायचा, तळव्याकडून बोटाकडे हलकेच चोळायचं, की थेंब येतो.

तपासणीच्या पट्ट्यांची बाटली पट्टी काढल्या काढल्या बंद. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली दोन दिवसांत दगा देते. फ्रिजमध्ये ठेवायची नाही. उघडल्याची तारीख झाकणावर लिहायची. उघडल्यावर किती महिने चालेल ते वेष्टनावर छापलेलं असतं.

एवढं सगळं नीट करूनही मशीन अचूक नसते, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 किंवा त्याहून जास्त साखर असेल तर 15 टक्के इकडेतिकडे चालतं. खरी साखर 160 असताना मशीननं 136 दाखवलं काय किंवा 184 दाखवलं काय, ती नियमात बसते. म्हणून काल 152 आणि आज 161 यावरून घरात भांडण नको. अंगात रक्त कमी असेल तर बऱ्याच मशीन आकडा चढवून दाखवतात. ॲनिमिया असलेल्या बाईंचा 'मशीनवर जास्त, लॅबमध्ये कमी' हा घोळ बऱ्याचदा यातून निघतो.

मशीन लॅबशी ताडून बघायची असेल तर फक्त उपाशीपोटी. लॅबवाला शिरेतून रक्त घेतो त्याच पाच मिनिटांत बोटाला टोचायचं. जेवणानंतर ताडणं चुकीचं, कारण तेव्हा बोटातल्या रक्तात साखर शिरेपेक्षा मुळातच जास्त असते. फास्टिंगचा फरक 15 टक्क्यांच्या आत राहिला, की 'घरच्या मशीनचं काय घेऊन बसलात' याला उत्तर तुमच्या हातात असतं.

[दृश्य : टेबलावर वापरलेल्या पट्ट्यांचा ढीग.]

डॉक्टरांचा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इन्सुलिन न घेणाऱ्या, टाइप 2 मधुमेहाच्या (सहसा मोठेपणी होणारा प्रकार) पेशंटनं रोज टोचून करायचं काय? ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शक सूचनाही अशा पेशंटना सरसकट घरी तपासणी देऊ नका असंच सांगते. रोज सकाळी फास्टिंग बघायची, हळहळायचं आणि वहीत लिहून ठेवायचं, याला आम्हीही तपासणी म्हणणार नाही. पट्टीचे पैसे जातात आणि ताटातलं काही बदलत नाही.

पण उलट बाजूचाही इतिहास आहे. रिचर्ड बर्नस्टाइन हे अमेरिकन इंजिनिअर, टाइप 1 चे (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, तो प्रकार) पेशंट. 1969 मध्ये ही यंत्रं पेशंटला विकतच नसत. पत्नी डॉक्टर होत्या, म्हणून त्यांच्या नावावर मागवलं. दिवसातून अनेकदा मोजून त्यांनी आहार आणि इन्सुलिन बदललं. वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचं लेखन परत पाठवलं. शेवटी चाळिशी उलटल्यावर ते स्वतःच मेडिकलला गेले. सगळ्यांनी एवढं करायची गरज नाही. त्यांची रीत मात्र घेण्यासारखी आहे : मोजायचं ते काहीतरी बदलण्यासाठी.

[दृश्य : वहीचं पान. रकाने हातानं आखलेले.]

एक जेवण निवडा. जेवणाआधी एक आकडा, पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी दुसरा. जेवून हात धुतल्यापासून मोजणारे बरेच असतात. तिथेच अर्धा तास चुकतो. शेजारी ताट लिहायचं, तेही मापानं : भाकरी 2, झुणका 1 वाटी, कांदा. तेच ताट तीन वेगवेगळ्या दिवशी. मग (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारून) एकच गोष्ट बदलायची : भाकरी 1, मटकीची उसळ 2 वाट्या, बाकी तेच. पुन्हा तीन दिवस. मिळून 12 पट्ट्या. भाकरी कमी केली आणि त्याच दिवशी जेवणानंतर फिरायलाही गेलात, तर उतरलेला आकडा कशामुळे उतरला ते कळणार नाही.

साबुदाण्याची खिचडी वेगळी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, पण तूप आणि दाण्याचं कूट पोट रिकामं व्हायला वेळ लावतं. दोन तासांनी 170 बघून एकादशी सुखरूप गेली असं वाटतं, आणि तीन-साडेतीन तासांनी 230 निघू शकते. तिथे तिसरी पट्टी लागते.

आणखी एका पेशंटची तक्रार : "रात्री जेवलोच नाही, तरी सकाळी 150. डॉक्टर म्हणतात, चोरून खाता." पहाटे शरीरातली संप्रेरकं वाढतात, यकृत साखर सोडतं. झोपताना, पहाटे 3 ला आणि उठल्यावर, असं दोन-तीन रात्री मोजून नेलं की संशय मिटतो. 3 ला 70 च्या खाली गेली असेल तर रात्रीच्या औषधाचा डोसच बघावा लागतो.

एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) 7 म्हणजे सरासरी साखर साधारण 154, आणि 8 म्हणजे 183. फास्टिंग 115 असून एचबीएवनसी 8 आली, तर साखर बहुधा जेवणानंतर चढते आहे. इथे वही उपयोगी पडते. पण गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) बरंच आहे. तांबड्या पेशी लवकर मरत असतील तर एचबीएवनसी खोटी कमी येते. रिपोर्ट 6 आणि मशीन वारंवार 220 दाखवत असेल, तर सिकलसेलच्या पेशंटनं फ्रुक्टोसामीनबद्दल (तांबड्या पेशींवर न विसंबणारी सरासरी साखरेची चाचणी) विचारावं. लोहाच्या कमतरतेत उलटं होतं, एचबीएवनसी चढलेली दिसते.

[दृश्य : गोळ्यांची पाकिटं. नावं झाकलेली.]

इथून पुढे डॉक्टरांचं ऐकायचं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भाकऱ्या एकदम निम्म्या केल्या, तर जुना डोस त्याच संध्याकाळी जड होतो : घाम, थरथर, 60. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा टोचायचं. पेढा नको, त्यातला स्निग्धांश साखर रक्तात जायला उशीर लावतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय कर्बोदकं तोडू नयेत, नवरात्राचे नऊ दिवस कडक धरू नयेत. रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येऊ शकतो आणि मशीन मात्र कधी कधी 200 च्या आतच दाखवते. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर आकड्याकडे न बघता हॉस्पिटल गाठायचं.

म्हणून ताट कायमचं बदलायच्या आधी दवाखान्यात जायचं. ओपीडीत मिळतात पाच मिनिटं. सबंध वही पुढे करू नका, एक पान न्या : दोन ताटं, 12 आकडे. प्रश्नही एकच : "डॉक्टर, मी हे दुसरं ताट रोज खाणार आहे, गोळी किती कमी करू, आणि कुठल्या आकड्याला तुम्हाला फोन करू?" उत्तर त्याच पानावर त्यांच्याच हातानं लिहून घ्यायचं. रविवारी रात्री 65 दिसली तर शोधाशोध नको, म्हणून तो कागद मशीनच्याच पाउचमध्ये.