चिऱ्याच्या घरात वायफाय

नमस्कार श्रोतेहो.

कोकणातलं चिऱ्याचं घर घेऊ. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर, वर माळा. फायबरवाला येतो, ओटीवर टीव्हीच्या मागे डबा ठोकतो आणि निघून जातो. ओटीवर सगळं झकास चालतं, पण चुलीपाशी फोनवर नुसतं चाक फिरत राहतं. मग कुणीतरी तालुक्याला जाऊन सहा अँटेनांचा राउटर आणतं, आणि चाक फिरतच राहतं.

जांभ्याची भिंत फूटभर जाड, त्यात दगड सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी धरतो, आणि पाणी रेडिओलहरी गिळतं. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण अशा दोन भिंतींत गारद होतो. २.४ गिगाहर्ट्झचा हळू असला तरी जरा पुढे जातो. शिवाय राउटर आणि फोनचं बोलणं दुतर्फा असतं. राउटर कितीही ओरडला तरी फोनचा आवाज बारीकच. तो ओटीपर्यंत पोचला नाही तर सहा अँटेना काय करणार?

म्हणून खरेदीआधी मोजा. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर नावाची मोफत अ‍ॅप मिळतात. दारं लावून खोलीखोलीत उभे राहा आणि डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा कागदावर लिहा. आकडा उणे असतो, म्हणजे उणे ६० हा उणे ७० पेक्षा चांगला. दहाचा फरक म्हणजे ताकद एक दशांश. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ ला अडखळतो, उणे ८० च्या खाली जोडणीचा भरवसा नाही.

आता मोडेम. फायबरच्या जोडणीत मोडेमचं काम ओएनटी नावाचा डबा करतो. त्याचा अनुक्रमांक कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो, त्यामुळे कंपनीला न विचारता बाजारातून दुसरा आणू नका. तो चालेलच असं नाही. डब्यावरचा एलओएस दिवा लाल झाला तर दोष काचेच्या तारेत आहे. राउटर बदलून काही होणार नाही. बहुतेकदा ती तार खिडकीच्या चौकटीत करकचून वळवलेली सापडते.

पैसे घालायचे ते ओटीवरच्या डब्यापासून माजघरापर्यंतच्या केबलमध्ये आणि तिथे ठेवायच्या दुसऱ्या डब्यात, म्हणजे साध्या वायफाय राउटरमध्ये. केबल कॅट-६ घ्या, आणि दुकानात विचारा, पूर्ण तांब्याची आहे का? स्वस्तातल्या रिळात अ‍ॅल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा असतो. तार चाकूने खरवडून पाहा, आत पांढरी निघाली तर परत करा. एका सलग जोडणीची मर्यादा १०० मीटर, घराला ती पुष्कळ झाली. भिंतीला भोक पाडाल तेव्हा ड्रिलचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी केबलवरून सरळ घरात. दोन्ही टोकांना कनेक्टर लावताना रंगांचा क्रम एकच हवा: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नाही तरी जोडणी चालते, पण १०० एमबीपीएसवर अडकते, आणि दोष राउटरच्या माथी येतो.

दुसऱ्या डब्याच्या खोक्यावर १२०० असं छापलेलं असेल, तर ती दोन पट्ट्यांच्या वेगांची, ३०० आणि ८६७ ची गोळाबेरीज. फोन एका वेळी बहुधा एकाच पट्ट्यावर असतो. त्यापेक्षा पोर्ट गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसचे आहेत का ते वाचा. तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसच्या आतला असेल तर तेही राहू द्या.

त्या डब्याच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तोच निवडा. नसेल तर त्याचा नेटवर्कमधला पत्ता १९२.१६८.१.२ असा बदला. मुख्य डब्याचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो हे आधी पाहून घ्या. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे फोनला पत्ते वाटायचं काम, बंद करा, आणि केबल लॅन पोर्टात लावा, वॅनमध्ये नको. डीएचसीपी चालू राहिलं तर दोन डबे फोनला वेगवेगळे पत्ते वाटत बसतात, आणि कधी नेट आहे, कधी नाही, असा खेळ सुरू होतो. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच. २.४ वर एकाला चॅनेल १ द्या, दुसऱ्याला ११.

केबल नको म्हणून रिपीटर घेणारे बरेच. तो सिग्नल ऐकतो आणि तोच पुन्हा बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. आणि नेट मिळत नाही नेमक्या त्याच कोपऱ्यात तो ठेवला, तर त्यालाही काही ऐकू येत नाही.

अँटेना उभ्या ठेवा. लहरी मेदुवड्यासारख्या आडव्या पसरतात, टोकाच्या दिशेला जवळजवळ नाहीत. माळ्यावर हवं असेल तर एक अँटेना आडवी करा. लोखंडी कपाटामागे डबा ठेवू नका.

गोठ्यात किंवा खळ्यापलीकडच्या खोलीत नेट न्यायचं असेल तर तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका. मेच्या शेवटी वळवाची वीज जवळपास कोसळली, तर त्या तारेतून दोन्हीकडचे डबे एकदम जातात. तिथे फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही. फक्त आत लोखंडी तार नसलेली केबल मागून घ्या.