आधी बाजार, मग मदरसा

अध्यक्ष महोदय, आणि एवढ्या उकाड्यातही सभागृह भरून टाकणाऱ्या लातूरकर श्रोतेहो,

पत्रिकेवर विषय छापला आहे, 'रेशीम मार्गावरची शहरं आणि तिथली इस्लामी वास्तुकला'. उझबेकिस्तानातली समरकंद, बुखारा आणि खिवा ही तीन शहरं आज सांगायची असं ठरलं आहे. निळे घुमट तुम्ही सगळ्यांनी फोटोत पाहिले आहेत. मला सांगायचंय ते घुमट कुणाच्या पैशावर उभे राहिले. या शहरांत गेलात तर आधी बाजार बघा, सराई म्हणजे व्यापारी तांड्यांच्या मुक्कामाची जागा बघा, पाण्याचा हौद बघा आणि मग मशिदीकडे, मदरशाकडे वळा, हा माझा कित्येक वर्षांचा आग्रह आहे.

म्हणून सुरुवात बुखाऱ्यापासून, आणि बुखाऱ्यातही लब-ए-हौजपासून. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या पाण्यात उतरलेला मोठा हौद, काठाला म्हातारी तुतीची झाडं. काही झाडं १४७७ सालची आहेत असं तिथे सांगतात. नुसती वाळकी खोडं उरली आहेत, पण कुणी ती तोडलेली नाहीत. हौद बांधला १६२० च्या सुमाराला, नादिर दिवाणबेगी या वजिराने. त्याचा राजा होता इमामकुली खान. हौदाच्या जागेवर एका यहुदी विधवेचं घर होतं आणि ती काही केल्या ते विकेना, अशी कथा आहे. वजिराने तिच्या घराच्या पायाखालून पाट काढला, भिंतींना ओल धरली, आणि शेवटी आपल्या लोकांना प्रार्थनागृह बांधायला जागा मिळावी या अटीवर तिने घर सोडलं. कथा खरी असो वा नसो, बुखाऱ्यात यहुद्यांची मोठी वस्ती होती, हौदापासून थोड्याच अंतरावर त्यांचं प्रार्थनागृह आजही आहे.

आता समोरच्या इमारतीकडे या, कारण मला बुखाऱ्यात सगळ्यांत प्रिय आहे ती हीच. नाव नादिर दिवाणबेगी मदरसा, साल १६२२-२३. वजिराने ही इमारत बांधायला घेतली ती सराई म्हणून. उंटांचे तांडे आत यायचे, माल खालच्या कोठड्यांत उतरायचा, व्यापारी मुक्कामाला राहायचे, भाड्याचा पैसा यायचा. बांधकाम पुरं झालं, उद्घाटनाला खुद्द खान आला. कमानीखाली उभा राहून म्हणाला, वा, देवाच्या नावाने फार सुंदर मदरसा बांधलास! लोक सांगतात की वजीर गप्पच झाला. राजाच्या तोंडून मदरसा हा शब्द निघाला होता, तो खोडायचा कुणी? सराईचा मदरसा करावा लागला. दर्शनी बाजूला उंच कमान आणि सज्जे आले, कोपऱ्यांना बुरूज आले, वर विद्यार्थ्यांच्या खोल्यांचा मजला चढला.

आता वास्तूत याचा पुरावा कुठे आहे, ते बघा. बुखाऱ्यातल्या मोठ्या मदरशांत दोन गोष्टी हमखास सापडतात, एक व्याख्यानाचं दालन आणि दुसरी आतली छोटी मशीद. इथे दोन्ही नाहीत. अंगण आहे, भोवती खोल्या आहेत, पण शिकवायची जागाच कुणी आखलेली नव्हती. जमिनीवरचा आराखडा अजून सराईचाच आहे. मी विद्यार्थ्यांना अंगणाच्या मधोमध उभं करते आणि विचारते, गुरुजी कुठे बसत असतील, दाखवा. मुलं कोपरा न् कोपरा धुंडाळतात.

बाहेर येऊन दर्शनी कमानीवर नजर टाका. दोन मोठे पक्षी, निळे-हिरवे, पंख पसरलेले, पंजात पांढरं जनावर धरून सूर्याकडे झेपावताहेत. आणि त्या सूर्याला माणसाचा चेहरा आहे, भुवया, नाक, डोळे, सगळं. इस्लामी वास्तूत चित्रं नसतात असं आपण शाळेपासून ऐकत आलो, आणि इथे मदरशाच्या दारावर हा चेहरा तुमच्याकडे रोखून बघतोय. मी दर वेळी त्या कमानीखाली रेंगाळते. सकाळचं ऊन तिरकं पडलं की फरशीच्या तुकड्यांच्या कडा उठून दिसतात आणि कळतं की हे रंगवलेलं नाही. कारागिराने एकेक तुकडा कापून शेजारच्या तुकड्याला भिडवला आहे.

या मदरशाच्या आणि हौदाच्या मधे गाढवावर बसलेल्या मुल्ला नसरुद्दीनचा पुतळा आहे. मुल्ला आपल्याही लाडका, त्यामुळे सगळे त्याच्यासोबत फोटो काढतात. फोटो काढताना पाठ होते ती सराईकडे. मी दर वेळी लोकांना वळवते.

आणि आता माझं एक गाऱ्हाणं ऐकावं लागेल. आपल्याकडून निघणाऱ्या सहलींत बुखाऱ्याला अर्धा दिवस देतात. समरकंदहून वेगवान गाडीने दोन तासांच्या आत पोचता येतं, म्हणून सकाळी निघायचं, जेवायचं, दोन इमारती बघायच्या आणि संध्याकाळी परत. एका संयोजकांनी, नाव घेत नाही, मला सांगितलं की ताई, बुखाऱ्यात सगळं मातीच्या रंगाचं आहे, लोकांना निळं हवं असतं. मला फार वाईट वाटलं. अहो, त्याच मातीच्या रंगात बुखाऱ्याचा जुना राजा इस्माईल सामानी याची कबर आहे, हजारएक वर्षांपूर्वीची! जेमतेम दहा मीटरचा चौकोनी ठोकळा, एकही रंगीत फरशी नाही, नुसती भाजलेली वीट. वीट आडवी, उभी, तिरपी, गोल गुंफून भिंतीला टोपलीसारखा पोत आणलाय, आणि ऊन सरकेल तशी भिंत बदलत जाते. कल्याण मिनार ११२७ चा, सेहेचाळीस मीटरच्या आसपास उंच, तोही विटेचाच. ऐन दुपारी बस थांबवून, डोक्यावर ऊन असताना तो कुणाला दिसणार?

हौदाबद्दल एक राहिलं. बुखाऱ्यात असे शंभराच्या आसपास हौद होते. जराफशान नदीचं पाणी पाटाने येई, भिश्ती पायऱ्या उतरून पखाली भरत. १५५८ मध्ये अँथनी जेंकिन्सन नावाचा इंग्रज व्यापारी बुखाऱ्यात होता. इथल्या पाण्याने लोकांच्या पायात हातभर लांबीचे जंत होतात, असं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे नारू! इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना नारू काय ते सांगायला नको. काडीला गुंडाळत गुंडाळत तो कसा काढतात, हे मराठवाड्याने पाहिलं आहे. आपल्या पायऱ्यांच्या विहिरींतही पाण्यात पाय बुडवूनच घागर भरत आणि रोग तसाच पसरे. सोव्हिएत काळात बुखाऱ्यातले बहुतेक हौद याच कारणाने बुजवले गेले. रोग गेला, चांगलंच झालं. पण गल्लोगल्लीची बसायची जागाही गेली.

याच जेंकिन्सनने हिंदुस्थानी व्यापारी पाहिले, डोक्याला गुंडाळायचं तलम पांढरं कापड विकणारे. पुढे मुलतानी आणि शिकारपुरी सावकार बुखाऱ्यात पिढ्यान् पिढ्या राहिले, स्वतःच्या सरायांत. मुख्य रस्त्यावर चौकाचौकात सोळाव्या शतकातले घुमटबाजार आहेत. त्यांना तोक म्हणतात. तोक-ए-जरगरान सोनारांचा, तोक-ए-सराफान पैसे बदलणाऱ्यांचा. तोक-ए-तेलपक-फुरुशान टोपीवाल्यांचा, तो पाच रस्ते मिळतात तिथे उभा आहे, म्हणून सहा बाजूंचा. वाकडेतिकडे रस्ते एका घुमटाखाली आणणं हे गवंड्याचं खरं कसब! बाहेर रस्ता तापलेला असताना आत थंडावा, वरच्या झरोक्यातून उजेडाचा एक पट्टा मालावर...

दहा मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आली आहे. समरकंद आणि खिवा दोन्ही बाकी आहेत, त्यामुळे आता भरभर.

मुख्य मुद्दा वक्फचा. मदरसा बांधला की संपत नाही. गुरुजींचा पगार, विद्यार्थ्यांचा शिधा, दिव्याचं तेल, डागडुजी, हे सगळं कायम चालायला हवं. म्हणून बांधणारा माणूस दुकानं, सराया, हमामखाने, शेतजमिनी त्या मदरशाला लावून देई. आपल्या देवस्थानांच्या इनामासारखंच. बाजार चालला तर मदरसा चालला. तांडे आटले की भाडं आटलं, भाडं आटलं की घुमटाची फरशी गळायला लागली. बाजार आधी बघा म्हणते ते यासाठी.

समरकंदचा रेगिस्तान चौक. तीन मदरसे समोरासमोर, पण एका काळाचे नाहीत. तैमूरचा नातू उलुगबेग याचा १४१७ ते २०, शेरदार आणि तिल्लाकारी दोनशे वर्षांनंतरचे, सतराव्या शतकातले. मागेच चोरसू, तोही घुमटबाजार. आणि निळा रंग? कोबाल्ट इराणातून याच वाटांनी चीनपर्यंत गेला, चिनी मातीची निळी-पांढरी भांडी त्यातून झाली, आणि ती भांडी पुन्हा पश्चिमेला विकायला आली. रंगसुद्धा व्यापाराचाच.

खिवा. १८३० च्या दशकात अल्लाकुली खानाने पूर्वेच्या वेशीपाशी सराई, छतबाजार आणि मदरसा एकमेकांना लागून बांधले. मी आत्ता जे सांगितलं ते तिथे पन्नास पावलांत दिसतं. त्याच वेशीत गुलामांचाही बाजार भरत असे, हे लपवू नये. या पैशात तोही पैसा होता.

शेवटी बिदर, कारण ते तुमच्या दारात आहे. इराणातल्या गिलानचा व्यापारी महमूद गावान १४५३ मध्ये आपल्या कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरला. आला व्यापाराला आणि झाला बहामनींचा वजीर. १४७२ मध्ये त्याने बिदरला मदरसा बांधला तो समरकंद-खोरासानच्या धर्तीवर, मधे अंगण, भोवती तीन मजली खोल्या, दर्शनी भिंतीवर रंगीत फरश्या. १४८१ मध्ये खोट्या पत्रावरून सुलतानाने त्याला मारलं. औरंगजेबाच्या काळात बंदुकीच्या दारूचा स्फोट होऊन पुढची बाजू उडाली. दोनांपैकी एक मिनार राहिला, त्याच्यावर नागमोडी पट्ट्यांत निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या फरश्या अजून टिकून आहेत. लातूरहून सकाळी निघालात तर दुपारच्या आत पोचाल. समरकंदला जायच्या आधी हा एकदा बघून घ्या, तिकडे गेल्यावर डोळे कुठे लावायचे ते कळेल.

उझबेकिस्तानला जायचं तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर, जून-जुलै नको. बुखाऱ्यात किमान दोन रात्री मागून घ्या, संयोजक नाही म्हणाले तरी मागा. खिव्याच्या जुम्मा मशिदीतले दोनशेवर लाकडी खांब आणि उलुगबेगची वेधशाळा आज राहिलीच. ज्यांना त्याबद्दल विचारायचंय त्यांनी चहाच्या वेळी थांबा, मी खालीच आहे.