लोखंडाच्या कोठारात उपाशी

मंडळी, मघाशी एक ताई पिशवीतून अनंताची फांदी घेऊन आल्या. मागच्यांना दिसावी म्हणून वर धरतो. पान पिवळंधमक, शिरा तेवढ्या हिरव्या. आणि हे शेंड्याचं पान आहे, बुडाचं नाही. नत्र कमी पडलं की आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात, कारण झाड त्यांच्यातलं नत्र काढून कोवळ्या पानांना देतं. लोह एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही. त्यामुळे उपासमार शेंड्यालाच दिसते. ऊसवाले यालाच ‘केवडा पडला’ म्हणतात.

मग लोह कमी म्हणून कुंडीत गंजके खिळे पुरायचे का? नको हो! आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात लोह चिक्कार आहे. अडचण चुनखडीची आहे. मुक्त चुना असलेल्या मातीचा सामू, म्हणजे पीएच (सातच्या खाली आंबट, वर अल्कधर्मी), आठच्या आसपास राहतो, तिथे लोहाचा गंज होतो आणि गंज मुळांना पिता येत नाही. सामू एका अंकाने चढला की विरघळलेलं लोह साधारण हजारपटीने घटतं. एका अंकाने, हजारपट! वर बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट, म्हणजे विरघळलेला क्षार, मुळांचं कामही अडवतं. ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे.

अनंत, चहा, कॅमेलिया, अझेलिया, ब्लूबेरी ही सगळी आंबट मातीची मंडळी. चहाला साडेचार ते साडेपाच सामू मानवतो. कोकणातल्या तांबड्या मातीच्या गड्ड्यासकट आणलेला अनंत पहिलं वर्ष छान दिसतो तो त्या गड्ड्याच्या जिवावर. मुळं बाहेरच्या मातीत शिरली की रडगाणं सुरू.

हे दुखणं फ्रान्सला फार महागात पडलं होतं. फायलोक्सेरा किडीने तिथले द्राक्षमळे खाल्ले, तेव्हा अमेरिकी वेलींच्या खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या भागावर, कलमं बांधली. कीड हटली, पण फ्रान्समधल्याच कोन्याक भागातल्या खडूसारख्या मातीत ते खुंट पिवळे पडले. 1887 साली द्राक्षतज्ज्ञ पिएर व्हिआला यांना अमेरिकेत धाडलं, चुन्यात तगणारी वेल शोधायला. टेक्सासात तिथले द्राक्षांचे जाणकार टी. व्ही. मन्सन यांच्या मदतीने बर्लांडिएरी जातीची वेल सापडली. गंमत अशी, की तिच्या काड्यांना मुळंच धड फुटेनात! म्हणून तिचे संकर करावे लागले. त्यांतला 41 बी हा खुंट शॅम्पेनच्या चुनखडीत आजही चालतो.

आपला नागपुरी संत्राही दुसऱ्याच्याच मुळांवर उभा असतो, जंबेरी किंवा रंगपूर लाइम या लिंबांच्या. चुनखडीत रंगपूर लाइम बऱ्यापैकी टिकतो. ट्रायफोलिएट, म्हणजे तीन पर्णिकांच्या संत्रावर्गीय झाडाचा, खुंट तिथे पार ढेपाळतो. तेव्हा रोपवाटिकेत फळाची जात विचारता, तसा खुंटही विचारत जा.

आता ताईंचा अनंत. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, कुंडीत ओतलं तर चुनखडीत त्याचा पुन्हा गंजच होणार. पानांवर पातळ फवारलं तर फवारलेली पानं हिरवी होतील, पुढची पालवी परत पिवळी. चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह, घ्यायचं तर पाकिटावर त्या रसायनाची अक्षरं वाचा. ईडीटीए सामू साडेसहाच्या वर गेला की लोहाचा हात सोडू लागतं, ईडीडीएचए धरून ठेवतं. महाग आहे, पण एका कुंडीला चिमूटभर पुरतं. आणि ताई, बोअरचं पाणी आधी थांबवा. गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात साठवा, ते फक्त अनंताला.