एइमाइशेन: सोमवाराच्या नावात दडलेलं गाव

(दृश्य: दगडी गल्ली, दुतर्फा दुकानं, शिट्ट्यांचा आवाज)

लक्झेंबर्ग शहराचा जुना भाग. ईस्टरनंतरचा सोमवार. या भागाला फेशमार्ट म्हणतात, म्हणजे मासळीबाजार. पण आज इथे मासळी नाही, मातीची पाखरं विकायला आहेत. फुंकर मारली की कुकू पक्ष्यासारखे दोन सूर निघतात. यांचं नाव पेकफिलर्शर. राजधानीजवळच्या नॉस्पेल्ट या कुंभारांच्या जुन्या गावातही आज हाच बाजार भरतो.

या दिवसाला आणि या बाजाराला लोक म्हणतात 'एइमाइशेन'. सोमवारासाठी लक्झेंबर्गी भाषेत सरळ शब्द आहे: 'ऊश्टरमेइंदेग', ईस्टर सोमवार. शेजारचे जर्मन आणि फ्रेंचही तसंच म्हणतात. मग हे दुसरं नाव आलं कुठून?

(दृश्य: चर्चमधलं उघडं बायबल)

लूकच्या शुभवर्तमानातून. अध्याय 24. येशू कबरेतून उठला त्याच दिवशी त्याचे दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस गावाकडे पायी निघालेत. अंतर साधारण 11 किलोमीटर. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं लूक सांगत नाही. वाटेत तिसरा एक जण सोबतीला येतो. तो येशू आहे हे त्यांना ओळखूच येत नाही. संध्याकाळी जेवायला बसल्यावर तो भाकर मोडतो, तेव्हा कुठे ओळख पटते.

कॅथलिक चर्चमध्ये ईस्टर सोमवारी हाच उतारा वाचायची जुनी रीत. दरवर्षी त्याच दिवशी तेच गाव कानावर पडत राहिलं आणि दिवसालाच त्याचं नाव चिकटलं. लोकांच्या तोंडी घोळता घोळता शेवटचा 'स' 'श' झाला. पुढे 'एन' लागलं, जसं ते ऊश्टरेन (ईस्टर) आणि पेइश्टेन (पेंटेकॉस्ट) या सणांच्या नावांतही ऐकू येतं. अम्माऊसचं एइमाइशेन झालं ते असं.

पाखरांचा मात्र या कथेशी काही संबंध नाही. पूर्वी प्रेमी युगुलं ती एकमेकांना भेट देत, असं सांगतात. लूकच्या गोष्टीत पक्षीही नाही, कुंभारही नाही. बाजार सणाच्या दिवशी भरतो, एवढाच दुवा.

तरी लोकांच्या बोलण्यात एक गंमत उरली आहे. बाजाराला निघालेला माणूस म्हणतो, 'ऑप द एइमाइशेन गोएन', एइमाइशेनला जायचंय. क्लयपाही तिकडेच निघाला होता.

(दृश्य: नकाशा)

ते मूळ अम्माऊस नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. इम्वास, कुबैबा, अबू घोष अशी तीन-चार गावं दावेदार आहेत.