गाळातली वस्ती

नमस्कार. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या जणांकडे बोडी आहे, बाकीच्यांसाठी एवढंच सांगते: बोडी म्हणजे धानाच्या पाण्यासाठी खोदलेलं लहान तळं. आमची बोडी घरामागच्या सांदवाडीतच आहे, गुंठाभराची. सासऱ्यांनी बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, पाणी हाताशी असावं म्हणून खोदलेली. पुढे बोअर झाली, बोडीकडे कोणी पाहिना. पाळ खचली, बेशरमच्या झुडपांनी काठ व्यापला. दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं, आता ही नीट बांधायची. तळाला सिमेंट, काठाला दगडी भिंत, मध्ये कमळं.

मे महिन्यात बोडी पूर्ण आटली. तळाला भेगा पडल्या होत्या, मला ती मेलेलीच वाटली. जेसीबी दारात आला. तेवढ्यात शेजारची आजी कुंपणापाशी आली. ढिवराघरची, म्हणजे मासेमारांच्या घरची, सगळं आयुष्य तलावात गेलेलं. म्हणाली, "बाई, मशीन घालाच्या आधी गाळ पायानं चाचपून पाह्य."

तिच्यासोबत मी अनवाणी उतरले. वरचा पापुद्रा कडक, खाली गाळ अजून थंड आणि ओला. दहा पावलांत तिनं हात घालून कासव वर काढलं. ताटलीएवढं, पाठीवर पिवळे ठिपके, पाय आत घेतले की पोटाखालच्या झडपा बंद. ही कासवं उन्हाळा असा चिखलात पुरून घेऊन काढतात. संध्याकाळपर्यंत तीन कासवं, तोंडावर झाकण लावून बसलेल्या कितीतरी गोगलगायी आणि मातीच्याच रंगाचे मोठे बेडूक सापडले. जेसीबीचं एक बकेट पुरलं असतं हो. आजही तो विचार आला की अंगावर काटा येतो.

बघायला गर्दी जमली. एक जण कासवाची नखं मोजायला लागला. वीस नखी कासवानं गुप्तधन सापडतं हे खूळ आपल्याकडे अजून आहे, म्हणून स्पष्ट सांगते: या कासवाच्या एकेका पायाला तीनच नखं, चारही पायांची मिळून १२. धन वगैरे काही सापडत नाही, कासव मात्र जिवानिशी जातं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, नागझिऱ्यातला वाघ आहे त्याच. घरी ठेवणंसुद्धा गुन्हा. कोणी विकताना दिसलं तर वनविभागाचा १९२६ हा नंबर लावा.

मी गाळ काढण्याच्या विरोधात नाही. गाळ काढला नाही तर बोडी बुजते, आणि तो शेतात पडला तर धानाला सोनंच. पण मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळापासून लोक गाळ बैलगाडीनं नेत. बैल ओढतील तेवढाच निघायचा, बाकीच्यात जीव तगायचे. आता सगळा तळ एका दिवसात खरवडला जातो, फरक तिथं पडतो. म्हणून आम्ही मधोमध दोरी बांधली. दक्षिणेकडचा अर्धा गाळ फावड्यानं काढला. सापडलेले जीव उत्तरेच्या अर्ध्यात, ओल्या चिखलात ठेवले आणि त्या बाजूला हात लावला नाही.

सिमेंटही रद्द केलं. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, पाणी क्षारी होतं, आणि बेडूक तर कातडीनंही श्वास घेतो. शिवाय उभ्या भिंतीवरून लहान बेडकांना बाहेर येता येत नाही. मग चिकणमाती टाकली, पाणी सोडलं आणि चिखलणीसारखे बैल फिरवले. पाणी थांबलं. एका काठाला लांब उतार ठेवला आणि वरची माती उघडी ठेवली, कासवाची मादी अशाच मातीत अंडी घालते.

डासांसाठी गंबुशिया मासे सोडा, असा सल्ला मिळाला. नाही सोडले. तो मासा बेडकांची पिल्लंही खातो. डासांच्या अळ्या खायला चतुराची पिल्लं पाण्यात असतातच, फक्त फवारणी करू नका. धोंड्या साप दिसला तर काठी उचलू नका. तो बिनविषारी आहे. मात्र धरायला गेलात तर चावेल.

मृगाच्या दुसऱ्या जोराच्या पावसानंतर त्या रात्री मी पाळीवर कंदील घेऊन बसले होते. मातीच्या रंगाचे तेच बेडूक हळदीसारखे पिवळे झाले होते, गळ्याला दोन निळ्या पिशव्या, आणि आवाज असा की शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू येईना. याच बेडकांच्या तंगड्या कधीकाळी परदेशी जात. १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. आजी माझ्या बाजूला बसली होती. म्हणाली, "आयकलं का? हे लहानपणी असंच होतं."

उत्तरेचा अर्धा गाळ येत्या मे महिन्यात काढायचा आहे. आजी येणार आहे. तुम्हीही या, अनवाणी.